‘तो मी नव्हेच’ सिद्ध करताना

कळवणच्या मार्केट यार्डात उन्हाळ कांद्याचा लिलाव झाला, काटा झाला, हिशोबपट्टी हातात पडली. समजा, तुम्ही रिकामा ट्रॅक्टर घेऊन कनाशीच्या रस्त्याला लागलात आणि वाटेत मोबाइलची रेंज गेली. त्यात नवल ते काय? तालुक्याच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ पट्ट्यात रेंज आली तर बातमी होते, गेली तर कुणी मान वर करून बघत नाही. घरी पोचलात, जेवलात, झोपलात. सकाळी शेजारच्या पोराच्या फोनवर त्याच कंपनीची रेंज भरभरून आहे आणि तुमच्या फोनवर मात्र ‘नो सर्व्हिस’. दुपारी बँकेत पासबुक भरून घेतलं तेव्हा कळलं, कांद्याचे पैसे खात्यात आले होते आणि रात्रीतच निघूनही गेले.

तुमच्या नावाची खोटी कागदपत्रं दाखवून कुणीतरी तुमच्याच नंबरचं दुसरं सिम काढलेलं असतं. नंबर तुमचा, फोन त्याचा. ओटीपी आला तो त्याच्याकडे. बँकेच्या यंत्राला दोघांतला फरक कळायचं कारण नाही. ज्याच्याकडे नंबर, तो खातेदार.

हा प्रसंग कल्पनेतला आहे, पण त्यातला एकेक दुवा देशभरातल्या पोलीस ठाण्यांच्या नोंदींत सापडतो. कायद्याच्या भाषेत ही ओळखचोरी. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क नुसार तिला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पाकीटमार पाकीट घेऊन पळतो आणि गोष्ट तिथेच संपते. ओळखचोर तुमचं नाव घेऊन जातो आणि त्या नावावर संसार मांडतो: कर्ज काढतो, सिम घेतो, खातं उघडतो, सरकारी योजनेचा अर्ज भरतो. म्हणून गेलेल्या पैशांची तक्रार केली की काम संपलं, असं इथे होत नाही.

आचार्य अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ हे नाटक १९६२ साली रंगभूमीवर आलं. त्यातला ठग वेगवेगळ्या नावांनी माणसांना फसवतो आणि न्यायालयात उभा राहून कानांवर हात ठेवतो. ओळखचोरीत हे नाटक उलटं होतं. नाकारायची पाळी ठगावर येतच नाही. ती येते ज्याचं नाव वापरलं गेलं त्या खऱ्या माणसावर. बँकेसमोर, पोलिसांसमोर, कर्जवसुलीच्या फोनसमोर त्याला सांगावं लागतं की हे खातं माझं नाही, हे कर्ज मी घेतलं नाही, तो मी नव्हे. आणि खरं बोलणाऱ्याला पुरावा लागतो. खाती सावरायची म्हणजे दोन कामं करायची: चोराच्या वाटा योग्य क्रमाने बंद करायच्या, आणि ‘तो मी नव्हे’ हे सांगणारा कागद पहिल्या तासापासून जमवत जायचा.

चोरी आपल्याच वेशीत

देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात दिलं गेलं. ज्या माणसांकडे ‘मी अमुक’ हे सांगणारा कागदच नव्हता, त्यांच्यापासून सुरुवात करायची, हा त्यामागचा विचार. कळवणसारख्या आदिवासीबहुल तालुक्याला त्याचं मोल वेगळं सांगायला नको. रेशन, पेन्शन, शिष्यवृत्ती, पीएम किसानचे हप्ते, सगळं त्या १२ अंकांवरून चालू लागलं. पण एका किल्लीने सगळी दारं उघडू लागली की ती किल्ली चोरण्यालाही मोल येतं.

कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा मिळून आपला कसमादे पट्टा. त्यातल्याच मालेगावात नोव्हेंबर २०२४ मध्ये एक प्रकरण उघड झालं. नोकरी-धंद्याचं आमिष दाखवून डझनभर तरुणांकडून आधार, पॅन अशी कागदपत्रं घेतली गेली आणि त्यांच्या नावाने नाशिक मर्चंट्स को-ऑपरेटिव्ह बँकेच्या मालेगाव शाखेत खाती उघडली गेली. त्या खात्यांतून १०० कोटींहून जास्त रकमेची उलाढाल झाल्याचं सक्तवसुली संचालनालयाच्या तपासात पुढे आलं आणि महाराष्ट्र-गुजरातेत छापे पडले. ज्यांच्या नावावर कोट्यवधी फिरले, त्यांच्या घरी ते पैसे कुणी पाहिले नव्हते. या तरुणांच्या खात्यातून काही गेलं नाही. गेलं ते नाव, आणि नावाबरोबर मनाची शांतता.

त्याच वर्षी ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत दोन प्रकार गाजले. सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातून एकाच कुटुंबाने वेगवेगळ्या महिलांचे आधार क्रमांक वापरून पंचवीसहून जास्त अर्ज भरल्याचं उघड झालं. ते कळलं कसं? खारघरच्या एका महिलेचा अर्ज पुढे जाईना, कारण तिच्या आधारवर आधीच कुणीतरी अर्ज भरला होता. दुसरा प्रकार नांदेड जिल्ह्यातल्या हदगाव तालुक्यातला. तिथे एका सेवा केंद्रातून पुरुषांची आधार कार्डं आणि पासबुकं गोळा केली गेली, अर्ज महिलांच्या नावाने भरले गेले, आणि पैसे आल्यावर ‘रोजगार हमीचे आलेत’ असं सांगून अंगठे लावून घेत रक्कम काढली गेली.

या तिन्ही प्रकरणांत संगणकात कुणी घुसलं नाही. झेरॉक्स, पासबुक, अंगठा आणि ओळखीच्या माणसावरचा विश्वास, एवढ्यावर काम भागलं. ‘मी मोबाइलवर बँक वापरतच नाही, माझं काय जाणार?’ असं म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट आधी मनात धरावी.

आधी पाटाचं तोंड बंद करा

मोसम आणि पांझरेच्या काठची पाटपाण्याची फड पद्धत जुन्या माणसांना ठाऊक आहे. पाट फुटला तर पाटकरी फुटक्या जागी माती लोटत बसत नाही. तो आधी वर धावतो, पाटाचं तोंड बंद करतो, आणि मग खाली येऊन भगदाड बुजवतो. वरून पाणी चालू असताना टाकलेली माती वाहून जाते.

खात्यांचंही तसंच. घाबरलेला माणूस पहिल्यांदा बँकेच्या ॲपचा पासवर्ड बदलतो. पण नंबर चोराच्या हाती असेल, तर नव्या पासवर्डचा ओटीपीही चोरालाच जातो. फोनमध्ये चोराचं ॲप बसलेलं असेल, तर तुम्ही टाइप केलेला नवा पासवर्ड तो वाचत असतो. म्हणून क्रम महत्त्वाचा.

पहिला फोन १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर. तो स्वतःच्या फोनवरून लागत नसेल तर शेजाऱ्याच्या फोनवरून करा. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा. हीच तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही नोंदवता येते. तिचं काम कसं चालतं ते समजलं की घाईचं कारण कळतं. तक्रार नोंदताच ती तुमच्या बँकेकडे जाते. पैसे कुठल्या बँकेत गेले हे ती बँक सांगते. मग तक्रार त्या बँकेकडे, तिथून पुढच्या बँकेकडे. जिथे पैसे अजून शिल्लक असतील तिथे ते अडवून ठेवले जातात. चोर पैसा एका खात्यात ठेवत नाही. तासाभरात तो चार खात्यांतून फिरवून एटीएममधून काढतो. तुमची तक्रार त्याच्या मागे धावत असते. रात्री लक्षात आलं आणि ‘सकाळी बँक उघडली की बघू’ म्हटलं, की ती शर्यत हरलीच.

दुसरा फोन बँकेला, कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर. गुगलवर शोधून सापडलेला ‘कस्टमर केअर’ नंबर लावू नका. तिथे दुसराच ठग टपून बसलेला असू शकतो. डेबिट कार्ड, नेट बँकिंग आणि यूपीआय बंद करायला सांगा. त्याबरोबर खात्यावर ‘डेबिट फ्रीझ’ लावून मागा. त्याने खात्यातून पैसे बाहेर जाणं थांबतं, आत येणं चालू राहतं. म्हणजे कांद्याचं पेमेंट, दुधाचा पगार, अनुदानाचा हप्ता अडकत नाही. बोलणं झाल्यावर तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून घ्या. ते दोन आकडे पुढे फार कामाला येतात.

तिसरं, सिम. नुसती रेंज गेली आहे की सिमच बंद पडलं आहे, हे ओळखायची सोपी खूण आहे: त्याच कंपनीचा दुसरा फोन शेजारी धरा. त्याला रेंज आहे, तुमचा फोन बंद करून चालू केला तरी ‘नो सर्व्हिस’च दाखवतो, तर तासभरही थांबू नका. दुसऱ्या फोनवरून कंपनीला कळवून नंबर बंद करा आणि ओळखपत्र घेऊन कंपनीच्या दुकानातून नवं सिम काढा. नव्या सिमवर साधारण पहिला एक दिवस मेसेज येत-जात नाहीत. ही सोय मुद्दाम केलेली आहे, म्हणजे चोराने सिम काढलं तरी त्याला लगेच ओटीपी मिळू नयेत. १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर ७ दिवस तो नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही, तेही याचसाठी.

चौथं, फोन. ‘पीएम किसान’, ‘वाहन चलन’, ‘लग्नपत्रिका’ अशा नावांच्या एपीके फाइल्स व्हॉट्सॲपवर फिरतात. पाठवणारा कधी कधी ओळखीचाच असतो, कारण त्याचं खातं आधीच चोराच्या ताब्यात गेलेलं असतं. अशी फाइल उघडली असेल तर फोन विमान मोडवर टाका, वायफाय बंद आहे ना हे पाहा. फोटो आणि गरजेची माहिती काढून घेऊन फोन फॅक्टरी रीसेट करा. तोवर एकही पासवर्ड त्या फोनवरून बदलू नका. घरातल्या दुसऱ्या फोनवरून बदला.

पाचवं, ईमेल. गावाकडे ईमेल कुणी उघडून बघत नाही. फोन घेताना दुकानदाराने तयार करून दिलेला असतो आणि पासवर्डही त्याच्याच लक्षात असतो. पण बाकीच्या बहुतेक खात्यांचे विसरलेले पासवर्ड परत मिळतात ते याच ईमेलवर. तो हातात असल्याशिवाय खालची कुलपं बदलून उपयोग नाही. नवा पासवर्ड लावा, ‘सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट’ करा. आणि दोन गोष्टी मुद्दाम तपासा: खातं परत मिळवण्यासाठी भरलेला फोन नंबर तुमचाच आहे ना, आणि आलेली पत्रं परस्पर दुसऱ्या पत्त्यावर जाण्याची सोय कुणी करून ठेवलेली नाही ना. चोर जाताना अशी मागची खिडकी उघडी ठेवून जातो. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून अनोळखी जोडण्या काढून टाका आणि द्विस्तरीय पडताळणीचा पिन लावा.

इतकं झालं की पाटाचं तोंड बंद झालं. आता बँकेचे, यूपीआयचे पिन आणि पासवर्ड बदला. जन्मतारीख, गाडीचा नंबर, पोरांची नावं नकोत.

अंगठ्याचं कुलूप

शहरातल्या लेखांत या विषयाचा भर पासवर्डवर असतो. कळवण, अभोण्याकडे मोठा धोका अंगठ्याचा आहे. बँकेची शाखा दूर, म्हणून गावातल्या बँक मित्राकडे किंवा सेवा केंद्रात आधार क्रमांक सांगायचा, यंत्रावर अंगठा ठेवायचा आणि रोख घ्यायची. या आधार आधारित व्यवस्थेत एका व्यवहारात १० हजार रुपयांपर्यंत रक्कम काढता येते. तिला ना पिन लागतो, ना ओटीपी. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याच्यासाठी ही मोठी सोय, आणि तीच तिची फट. दस्तनोंदणीच्या कागदांवरचे अंगठ्याचे ठसे उचलून, त्यांचे रबरी किंवा सिलिकॉनचे साचे करून पैसे काढल्याचे गुन्हे देशाच्या अनेक भागांत नोंदले गेले आहेत. त्याहून साधी युक्ती म्हणजे ‘मशीनने घेतला नाही, पुन्हा लावा’ असं म्हणत दोनदा अंगठा घेणं: एकदा ई-केवायसीसाठी, एकदा पैशांसाठी.

पासवर्ड बदलता येतो. अंगठा बदलता येत नाही. पण त्याला कुलूप लावता येतं. आधारच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइल ॲपमध्ये ‘बायोमेट्रिक लॉक’ ही सोय आहे. ती लावली की तुमच्या आधारवर अंगठा, डोळा किंवा चेहरा कुणीही कुठेही वापरू शकत नाही, तुम्हीसुद्धा नाही. त्यामुळे रेशन दुकानात ई-पॉस यंत्रावर अंगठा द्यायच्या आधी, किंवा योजनेची ई-केवायसी करताना, ते थोड्या वेळापुरतं उघडावं लागतं. कुलूप लावून विसरलात आणि रेशनच्या रांगेत अंगठा नाकारला गेला, तर दुकानदाराशी भांडू नका. दोष त्याचा नाही.

तिथेच ‘ऑथेंटिकेशन हिस्टरी’ मिळते. गेल्या ६ महिन्यांत तुमचं आधार कधी आणि कशासाठी तपासलं गेलं, अंगठ्याने की ओटीपीने, याची ती यादी आहे. तुम्ही शेतात कांदा काढत होता त्या दुपारी कुठे तुमचा अंगठा लागल्याची नोंद असेल, तर तिचा छापील कागद काढून तक्रारीला जोडा. आधारची मदतवाहिनी १९४७. मात्र या साऱ्या सोयी आधारला जोडलेल्या मोबाइल नंबरवर चालतात. अनेकांच्या आधारला दहा वर्षांपूर्वीचा, कधीच बंद पडलेला नंबर जोडलेला आहे, आणि बंद पडलेला नंबर कंपनी काही काळाने दुसऱ्याला देते. तेव्हा आधार केंद्रात जाऊन नंबर अद्ययावत करणं हे अंगठ्याच्या कुलपाआधीचं काम समजा.

नावावर काय काय उगवलंय?

शेतात आपण पेरलं नाही ते तण उगवतं, तसं चोरलेल्या नावावर काय उगवलंय हे निंदणी करूनच कळतं. ही निंदणी चार बांधांवर करायची.

पहिला बांध कर्जाचा. देशात ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क अशा चार पतमाहिती कंपन्या आहेत. प्रत्येकीने वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. एकाच दिवशी चारही मागवण्यापेक्षा दर तीन महिन्यांनी एकेक मागवला तर वर्षभर पहारा राहतो. चोरी झालेली असेल तर मात्र चारही लगेच बघा. न घेतलेलं कर्ज दिसलं तर कंपनीकडे आणि कर्ज देणाऱ्याकडे लेखी हरकत नोंदवा. ३० दिवसांत निवाडा झाला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद एप्रिल २०२४ पासून लागू आहे. अमेरिकेत २०१७ साली इक्विफॅक्सकडून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली, त्यानंतर २०१८ पासून तिथे आपली पतनोंद फुकटात गोठवून ठेवता येते. गोठवली की नवं कर्ज निघत नाही. तशी कायद्याने दिलेली मोफत सोय आपल्याकडे रुळलेली नाही. म्हणून अहवाल बघत राहणं हाच आपला पहारा.

दुसरा बांध सिमचा. दूरसंचार विभागाने मे २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘संचार साथी’वर आपल्या नावावर किती मोबाइल नंबर आहेत ते दिसतं. अनोळखी नंबरापुढे ‘हा माझा नंबर नाही’ असं नोंदवलं की तपासणी होते. हे टाळू नका. तुमच्या नावाच्या सिमवरून दुसऱ्या राज्यात कुणाला फसवलं गेलं, तर पोलिसांचा पहिला फोन तुम्हालाच येतो.

तिसरा बांध अनुदानाचा. पीएम किसान असो वा लाडकी बहीण, पैसे आधारला ज्या खात्याची जोडणी आहे तिथे जातात, आणि ही जोडणी एका वेळी एकाच बँकेशी असते. नवं खातं उघडताना कुणी संमतीच्या चौकटीत खूण करून टाकली, की हप्ते गुपचूप तिकडे वळतात. २०१७ मध्ये देशातल्या लाखो गॅसग्राहकांचं अनुदान असंच एका मोबाइल कंपनीच्या पेमेंट बँकेतल्या, त्यांना ठाऊक नसलेल्या खात्यांत गेलं होतं. पुढे आधार प्राधिकरणाने त्या कंपनीवर कारवाई केली. हप्ता आला नाही की तलाठ्याकडे किंवा कृषी कार्यालयात खेटे घालण्याआधी आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ तपासा. जोडलेली बँक अनोळखी निघाली तर पाणी कुठे मुरतंय ते कळलं.

चौथा बांध पॅनचा. प्राप्तिकराच्या संकेतस्थळावरच्या वार्षिक माहिती विवरणात तुमच्या पॅनवरचं व्याज आणि मोठे व्यवहार दिसतात. जीएसटीच्या संकेतस्थळावर पॅन टाकून त्यावर कुणी पेढी नोंदवली आहे का, हे पाहता येतं. मालेगावसारख्या प्रकरणात कागदपत्रं दिलेल्या माणसाने तर हे हमखास बघावं. न उघडलेलं खातं सापडलं तर त्या बँकेला त्याच दिवशी लेखी कळवा की हे खातं मी उघडलेलं नाही, आणि खातं उघडतानाच्या अर्जाची प्रत मागा. त्यावरचा फोटो, सही आणि फोन नंबर तुमच्या बाजूने बोलतील.

कागद बोलतो

आता नुकसान कुणी सोसायचं? रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने त्याची चौकट घालून दिली. त्याच वर्षी डिसेंबरात सहकारी बँकांसाठीही तशीच आली. चूक बँकेची असेल तर ग्राहकाचं दायित्व शून्य. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्यानेच केली, आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तरीही शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १० हजार आणि मूलभूत बचत खात्याला ५ हजार रुपयांपर्यंतचा भार. त्यानंतर बँकेच्या धोरणाप्रमाणे. ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पिन सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. कळवल्यानंतर गेलेला प्रत्येक रुपया बँकेचा. आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे. काउंटरवर ‘तुम्हीच ओटीपी दिला असणार’ असं ऐकायला मिळतं, तेव्हा हे शेवटचं वाक्य आठवा. मघाशी लिहून ठेवलेल्या तक्रार क्रमांकाची आणि वेळेची किंमत इथे कळते.

चूक आपलीही असली तरी सगळं संपत नाही, हे पुण्याच्या एका प्रकरणाने दाखवलं. पूना ऑटो अॅन्सिलरीज या कंपनीच्या प्रमुखांनी बनावट ईमेलला उत्तर दिलं आणि पंजाब नॅशनल बँकेतल्या खात्यातून ८० लाख १० हजार रुपये गेले. २०१३ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली न्यायनिर्णय अधिकारी म्हणून राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांनी निकाल दिला. ईमेलला उत्तर देणं ही तक्रारदाराची चूक, म्हणून काही भार त्याचा. पण पैसे ज्या खात्यांत वळले ती खाती नीट पडताळणी न करता उघडली गेली, म्हणून बँकेने ४५ लाख रुपये द्यावेत. या कायद्याखाली ५ कोटी रुपयांपर्यंतचे दावे या अधिकाऱ्याकडे नेता येतात, ही गोष्ट अजून फारशी कुणाला माहीत नाही.

पोलिसांकडे जाताना ‘हे नाशिकला सायबरला द्या’ असं ऐकून माघारी फिरू नका. नाशिक ग्रामीण पोलिसांचं वेगळं सायबर पोलीस ठाणं आहे, तसंच कळवण पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते. गुन्हा कुठेही घडलेला असो, तो कुठल्याही ठाण्यात नोंदवून पुढे वर्ग करता येतो, असं नवी नागरिक सुरक्षा संहिता सांगते. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकटात तक्रार करता येते.

या सगळ्यासाठी एक प्लास्टिकची फाइल करा. तीत १९३० ची पोच, बँकेला दिलेल्या अर्जाची शिक्का मारलेली प्रत, पासबुकाची पानं, आलेले मेसेज छापून, आणि कुणाशी कधी काय बोलणं झालं याची तारीखवार नोंद. शेतीच्या वादात सातबारा आणि फेरफार जसा बोलतो, तशी इथे ही फाइल बोलते.

दुसरा चोर आणि लाज

पहिल्या चोरीनंतर महिन्याभरात दुसरा फोन येतो. ‘आम्ही सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवण्यासाठी एवढी फी भरा.’ किंवा धमकी, की तुमच्या आधारवर गुन्हा आहे, व्हिडिओ कॉलवर बसून राहा, तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे. फसलेल्यांची नावं आणि नंबर ठगांच्या बाजारात विकले जातात, म्हणून हे फोन नेमके आधी पोळलेल्या माणसालाच येतात. डिजिटल अटक नावाची गोष्ट कुठल्याही कायद्यात नाही. अडवून ठेवलेले पैसे परत मिळवायला फी लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही.

पण सगळ्यात जास्त वेळ खाते ती लाज. ‘लोक काय म्हणतील, शिकलेला असून फसला’ म्हणून माणूस चार दिवस घरातही बोलत नाही, आणि रिझर्व्ह बँकेचे ते ३ दिवस उलटून जातात. रात्री चोर कांदाचाळीत शिरला तर आपण वस्तीला आरोळी देतो. तेव्हा कुणी लाजत नाही. इथेही तेच करायचं. तुमच्या नावाने नातेवाइकांकडे पैसे मागणारे मेसेज जाऊ शकतात, म्हणून गावच्या ग्रुपवर स्वतःच लिहा की माझा नंबर चोरीला गेलाय, माझ्या नावाने काही आलं तर देऊ नका. त्या मेसेजलाही तारीख आणि वेळ असते. तोही फाइलीत जातो.

आणि आजच करण्यासारखी दोन कामं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर १९३०, १९४७ आणि आपल्या बँकेचा क्रमांक ठळक लिहून ठेवा. फोनमध्ये लिहिलेला नंबर फोन गेल्यावर उपयोगी पडत नाही. दुसरं, यापुढे आधारची झेरॉक्स देताना त्यावर आडवं लिहा: कुणाला, कशासाठी, कोणत्या तारखेला दिली, आणि खाली सही करा. पीककर्जासाठी दिलेल्या झेरॉक्सवर उद्या कुणी खातं उघडलंच, तर ती एक ओळ तुमच्या आधीच तिथे पोचलेली असेल, ‘तो मी नव्हे’ हे सांगायला.